लोकांचा नाला

चाळणबाई पाणीपुरवठ्याच्या खात्यात नोकरीला नाही, हे तिच्या आईला अकरा वर्षांत पटलेलं नाही. नळाला गढूळ पाणी आलं की शेजारच्या बायका आईकडे येतात आणि आई लगेच फोन लावते. "अगं, दोन दिवस पिवळं पाणी येतंय. तुझ्या साहेबांच्या कानावर घाल ना जरा." चाळणबाई सांगते, आई, मी नळाचं पाणी बघत नाही, मी ओढ्यातले किडे मोजते.  मग आई म्हणते, "एवढं शिकवलं ते किडे मोजायला?" यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि आईला तेवढा दम नव्हता.

चाळणबाई हे ऑफिसातलं नाव. खरं नाव एका अहवालाच्या शेवटच्या पानावर छापलेलं आहे, पण त्या पानापायीच पुढचा सगळा घोळ झाला, तेव्हा ते तिथंच राहू दे. सदान्‌कदा हातात चाळणी म्हणून चाळणबाई. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि शेवटी तीही फोन उचलून "हां, चाळणबाई बोलतेय" म्हणायला लागली.

तिचं काम सांगायला सोपं आहे. रबरी बूट चढवून ओढ्यात उतरायचं. प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी धरायची आणि वरच्या अंगाचे दगड पायाने ढवळायचे, घड्याळ लावून बरोबर तीन मिनिटं. जाळीत आलेला ऐवज चाळणीतून धुऊन पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचा आणि चिमट्याने एकेक जीव उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. बाटलीत जी चिठ्ठी घालायची ती पेन्सिलनेच लिहायची, कारण स्पिरिटमध्ये शाई विरघळते. हा धडा तिला पहिल्याच वर्षी छत्तीस बाटल्या वाया घालवून मिळाला होता. मग ऑफिसात दुर्बिणीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, बसून कोणाला किती पाय, कोणाचे कल्ले कुठे, हे बघत नावं लावायची. कुठल्या पाण्यात कोण राहतं यावरून त्या पाण्याची तब्येत कळते. काही किडे घाण पाण्यात दोन दिवस काढत नाहीत, काहींना घाणीशिवाय करमत नाही. मीटर त्या क्षणाचं पाणी सांगतं. किडे वर्षभराचं सांगतात. हे तिनं साहेबांना, नवऱ्याला आणि एकदा दातांच्या डॉक्टरलाही सांगून पाहिलं होतं. डॉक्टरने तिला तोंड उघडं ठेवायला सांगितलं.

तर किड्यांना ती पाण्यात पाहायची, आणि ऑफिसातले दोघं-तिघं तिला पाण्यात पाहायचे. कारण ती वाचायची. या धंद्यात वाचणं हा मोठाच दुर्गुण आहे.

धंदा असा. कोणाला कारखाना, पूल, गोदाम बांधायचं असलं की कायदा म्हणतो, आधी तज्ज्ञांकडून तपासून घ्या, पाण्याचं काय होईल, झाडांचं काय होईल. तज्ज्ञ नेमायचे कोणी? ज्याला बांधायचंय त्यानंच. परीक्षा देणाऱ्यानंच परीक्षक निवडायचा, अशी ही सोय आहे, आणि या सोयीवर साहेबांची सल्लागार कंपनी वीस वर्षं उभी होती. साहेब तसे वाईट नव्हते. कोणाच्या आजारपणात पहिले धावून जायचे, बोलायला गोड. फक्त त्यांची काम करायची एक हातोटी होती. नवा अहवाल ते कधी नव्यानं लिहीत नसत. मागचा काढायचा, कंप्युटरवर 'शोधा आणि बदला'चं बटण दाबायचं, जुन्या गावाच्या जागी नवं गाव, जुन्या मालकाच्या जागी नवा मालक, झाला अहवाल. एकदा डोंगरातल्या तलावाच्या अहवालात भरती-ओहोटीचं अख्खं पान राहून गेलं होतं. समितीने तो मंजूरही केला. चाळणबाईनं ते दाखवलं तेव्हा साहेब मनापासून हसले. "म्हणजे तू वाचतेस तर," ते म्हणाले.

अकरा वर्षांतली पहिली नऊ तिचं काम अहवालाच्या शेवटी, परिशिष्टात जायचं. परिशिष्ट कोणी उघडत नाही. आणि शेवटच्या पानावर तज्ज्ञ म्हणून सही असायची एका निवृत्त प्रोफेसरांची. त्यांना सगळे सहीवाले प्रोफेसर म्हणत. त्यांच्याकडे नोंदणी होती, म्हणजे सरकारदरबारी ते तज्ज्ञ होते. त्यांनी त्या नऊ वर्षांत एकाही ओढ्यात पाऊल ठेवलं नव्हतं. गुडघ्याचा त्रास होता त्यांना. ऑफिसचा माणूस त्यांच्या घरी जायचा, ते सोफ्यावर बसून सही करायचे, मग चहा व्हायचा. चाळणबाईला त्या सहीचा भयंकर राग होता. त्या वळणदार सहीखाली तिचे थंडीने बधिर झालेले पाय आहेत, हे तिच्याखेरीज कोणाला दिसत नव्हतं.

म्हणून तिनं स्वतः नोंदणी मिळवायचं मनावर घेतलं. पहिल्या परीक्षेत नापास झाली, कारण प्रश्न किड्यांवर नव्हते, कायद्याच्या कलमांवर होते. दुसऱ्यांदा पास झाली. मग अनुभवाचा दाखला हवा होता, तो साहेबांनी द्यायचा. साहेब दोन वर्षं "बघतो" म्हणत होते. एकदा पत्रात तिचं नावच चुकलं, एकदा तारीख चुकली, एकदा पत्र त्यांच्या गाडीत राहिलं आणि गाडी विकली गेली. तिच्या नाकी नऊ आले. शेवटी सहीवाल्या प्रोफेसरांची प्रकृती बिघडली, आणि दाखला दोन दिवसांत हातात पडला. चाळिशीला तीन महिने बाकी असताना ती सरकारदरबारी तज्ज्ञ झाली.

तिच्या नवऱ्यानं तिला नावाचा रबरी शिक्का करून आणला. नवरा लिफ्टची देखभाल करतो. शहरातल्या साठेक इमारतींत लिफ्टच्या आत त्याची सही असलेलं कार्ड लटकतं. त्याला सहीचं मोल ठाऊक होतं. "आता तुझ्याशिवाय घोडं अडणार त्यांचं," तो म्हणाला. शिक्का तिनं घरातल्या सगळ्या जुन्या वर्तमानपत्रांवर मारून पाहिला. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला होता.

तिच्या सहीचं पहिलं काम गोदामवाल्यांचं निघालं. शहराच्या कडेला मोठ्ठी जागा, तिथं अठरा गोदामं बांधायची होती, आणि जागेच्या मधून एक ओढा जात होता. इथंच सगळी मेख होती. नियमाप्रमाणे नाला असेल तर त्याला पाइपात घालून वरून स्लॅब टाकता येतो. ओढा असेल तर तो उघडा ठेवायचा आणि दोन्ही काठांना पंधरा-पंधरा मीटर काही बांधायचं नाही. म्हणजे ओढा ठरला तर अठरातली सात गोदामं कागदावरून उडणार. गोदामवाल्यांच्या अर्जात त्याला नाला म्हटलं होतं. ओढा की नाला, हे ठरवायचं काम पाण्याच्या तज्ज्ञाचं, म्हणजे या खेपेला चाळणबाईचं.

पुलावरून बघितलं तर तो नालाच वाटायचा. पिशव्या, फुटक्या बादल्या, कोणाची तरी गादी. ड्रायव्हरकाका नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मॅडम, यात काय जगणार?" ती बूट चढवून वरच्या अंगाला चालत गेली. चारशे मीटरवर झाडोरा दाट होता, पाणी स्वच्छ होतं, हाताला गार लागत होतं. काठच्या खडकातून तीन ठिकाणी झरे येत होते. तिनं पहिला दगड उलटला आणि दगडाखाली वाळूच्या कणांची, तांदळाच्या दोन-दोन दाण्यांएवढी घरं चिकटलेली होती. एक अळी असते, ती वाळूचे कण एकमेकांना चिकटवून स्वतःपुरती नळी बांधते आणि ती पाठीवर घेऊन फिरते. घाणेरड्या पाण्यात ती तग धरत नाही. चाळणबाईनं दोन हंगाम नमुने घेतले, एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसानंतर. दोन्ही वेळा ती घरं होती. खाली पुलाशी कपडे धुण्याच्या कारखान्याचं फेसाळ पाणी एका सिमेंटच्या चरातून येऊन मिळत होतं, तो खरा नाला. त्याच्याखाली तांबड्या अळ्यांशिवाय काही नव्हतं. तिनं तोही लिहिला, अहवालाच्या बाराव्या पानावर, नाला म्हणूनच. बाकी सगळीकडे ओढा. नमुन्यांचे तक्ते या वेळी परिशिष्टात नव्हते, आत होते.

तिनं शेवटच्या पानावर सही केली, शिक्का मारला. साहेबांनी अहवाल हातात तोलला. "छान झालाय. मी एकदा नजर टाकतो आणि पाठवतो," ते म्हणाले. अकरा वर्षं त्या माणसाबरोबर काढूनही तिला शंका आली नाही. याचा राग तिला नंतर सगळ्यात जास्त आला, साहेबांपेक्षा स्वतःचा.

सुनावणी एका सरकारी सभागृहात होती. लांब टेबलामागे समितीचे पाच जण, मध्ये अध्यक्ष. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते आणि ओळीखाली पट्टी धरून वाचायचे. त्यांच्यासमोर गोदामवाल्यांचे तिघं, साहेब, आणि इस्त्रीचे कपडे घातलेली चाळणबाई. माइक मधूनच किंचाळत होता. गोदामवाल्यांनी पडद्यावर हिरव्यागार चित्रांची माळ लावली, साहेबांनी गोड आवाजात चार शब्द सांगितले. सगळं सुरळीत चाललं होतं. मग अध्यक्षांची पट्टी एका जागी थांबली.

"हे काय आहे?" ते म्हणाले. "पान सत्तेचाळीस. 'रोजगाराच्या संधींमुळे लोकांचा नाला या भागाकडे वाढत आहे.' लोकांचा नाला म्हणजे काय?"

सभागृहात आधी कोणालाच काही कळलं नाही. मग मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि हसू पुढपर्यंत आलं. अध्यक्ष हसले नाहीत. "नाल्यातून लोक येतायत का?" त्यांनी विचारलं.

हे वाक्य चाळणबाईच्या ओळखीचं होतं. समाजजीवनाच्या प्रकरणातलं ते वाक्य साहेबांच्या प्रत्येक अहवालात असे, नऊ-दहा वर्षं जसंच्या तसं. लोकांचा ओढा या भागाकडे वाढत आहे. ती मान खाली घालून क्षणभर बसली आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं समोरची प्रत ओढली. पान पाच, नाला. पान नऊ, नाल्याच्या उगमापाशी. पान तेवीस, नाल्यातील अळ्या. वाळूची घरं नाल्यात, झरे नाल्यात, ती दोन हंगाम उभी होती तीही नाल्यात. ओढा, ओढ्या, ओढे, एकही रूप शिल्लक ठेवलं नव्हतं. साहेबांनी बटण दाबलं होतं, आणि कंप्युटरला काय कळतंय, त्यानं लोकांचा ओढाही सोडला नाही. अठ्ठेचाळिसाव्या पानावर तर पाण्यासाठी बायकांची 'नालाताण' होत होती. ती अध्यक्षांच्या पट्टीतून सुटली. आणि शेवटच्या पानावर तिची सही, तिचा शिक्का.

"टंकलेखनाची चूक आहे," साहेब उठून म्हणाले. आवाजात तीच साखर. "तिथं ओढा हवं होतं. दिलगीर आहोत."

"तज्ज्ञ कोण आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

चाळणबाई उभी राहिली. माइक हातात आला. तिला सांगायचं होतं, ओढा फक्त तिथं नाही, सगळीकडे हवाय, हा माझा अहवाल नाही. "इतर ठिकाणीसुद्धा..." एवढं तिच्या तोंडून निघालं, आणि माइक किंचाळला. साहेबांनी शेजारून हळूच तो काढून घेतला. "मॅडम लेखी देतील," ते म्हणाले. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. आठ दिवसांत तज्ज्ञाच्या सहीने शुद्धिपत्र द्या, ते आलं की मंजुरीचं बघू, असं म्हणून त्यांनी पुढचा विषय घेतला. चाळणबाई खाली बसली. पुन्हा उठता आलं असतं. कोणी तिचे पाय बांधले नव्हते. पण नोंदणी आठवली, दोन वर्षांचं "बघतो" आठवलं, आणि ती उठली नाही. अशा वेळी जो राग येतो त्याला बाहेर पडायला वाट नसते. 

परतताना गाडीत तिनं तोंड उघडलं. "सर, ओढ्याचा नाला कोणी केला?"

"सरकारी नकाशात नालाच आहे. मी नकाशाप्रमाणे केलं."

"तो नकाशा चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. मी आत उभी राहून आलेय. तीन झरे आहेत तिथं. आणि माझी सही झाल्यावर बदललंत."

"हे बघ," साहेब वळून म्हणाले, "तुझा एकही आकडा मी बदलला नाही. एकही किडा कमी केला नाही. सगळे तक्ते आहेत तसे आहेत. एक शब्द बदलला फक्त. तू किडे बघ, शब्दांचं मी बघतो."

"शब्दावरच तर सात गोदामं आहेत."

"म्हणूनच मी बघतो," साहेब म्हणाले. मग त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. पाण्याचा वेगळा विभाग काढायचं त्यांच्या मनात होतं. विभागप्रमुख ती. काचेची वेगळी खोली, नवी दुर्बीण, हाताखाली दोन माणसं. "अकरा वर्षं झाली तुला. मला काय दिसत नाही का?" ड्रायव्हरकाका आरशात बघत होते, ते पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. चाळणबाईला त्या क्षणी नव्या दुर्बिणीचा मोह झाला, हे लपवून उपयोग नाही. जुनीचा एक डोळा सहा वर्षं धूसर होता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भांडी विसळत ऐकत होता.

"आमच्यात लिफ्टचा दोर बदलला की जुनी सही बाद," तो म्हणाला. "नवा दोर स्वतः बघायचा, मग नवी सही. तू सही केलीस तेव्हा दोर वेगळा होता."

"तुझं सोपं आहे," ती फाडकन म्हणाली. "लिफ्ट पडली तर माणसं मरतात, म्हणून लोक तुझं ऐकतात. माझ्या अळ्या मेल्या तर कोणाला कळणारसुद्धा नाही. आणि मला काढून टाकलं तर आपल्या शहरात दुसरी अशी कंपनी कुठाय? साहेब फोन फिरवतील आणि माझी नोंदणीच तपासणीला लावतील. मी परत पहिलीपासून सुरू करू? चाळिशीत?"

तो पुढचं भांडं विसळायला लागला. तिला त्याचाही राग आला. मग तो म्हणाला, "कंप्युटरनं उलटं का नाही करत? नाला काढ, ओढा घाल."

"तसं केलं तर 'नालायक'चं 'ओढायक' होईल."

"होऊ दे. तुझ्या साहेबांना शोभेल."

ती हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. दिवसभराचं साठलेलं होतं.

सातव्या दिवशी दुपारी साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले. हातात कंपनीच्या छापील कागदावरचं शुद्धिपत्र, दोन प्रतींत. त्यांना गोदामवाल्यांबरोबर जागेवर जायचं होतं. "सही कर आणि चारच्या आत समितीच्या ऑफिसात देऊन ये. पोच घे," ते म्हणाले. "आणि काचेच्या खोलीचा रंग तूच ठरव."

ती रिक्षाने निघाली. समितीच्या ऑफिसात आवक खिडकीसमोर दोन माणसं होती, म्हणून ती बाकावर बसली आणि कागद नीट वाचला. वाचण्याची सवय. वर अहवालाचा क्रमांक, मग एकच ओळ:

पान ४७, ओळ ३ : 'नाला' ऐवजी 'ओढा' असे वाचावे.

खाली तिच्या सहीची जागा. बाकी काही नाही. म्हणजे लोकांचा ओढा लोकांना परत मिळणार होता आणि ओढा तेवढा नाला राहणार होता. ते साच्यातलं वाक्य, जे दहा वर्षं कोणी वाचलं नव्हतं, त्याच्यासाठी पाच जणांची समिती आठ दिवस थांबली होती. तिच्या दोन हंगामांसाठी कोणी आठ मिनिटं थांबलं नव्हतं. तिला इतका संताप आला की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली, आणि तिसऱ्यांदा वाचताना तिच्या लक्षात आलं, की वाक्य बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. तिला त्या दिवशी माइकवर हेच म्हणायचं होतं. चुकलंय ते फक्त पान आणि ओळ.

तिनं पर्समधून पेन काढलं. ही चिठ्ठी काही स्पिरिटात जाणार नव्हती. 'पान ४७, ओळ ३' वर एक सरळ रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सर्वत्र'. पेन उचललं. कागदाकडे बघत राहिली, अहवालाची पानं मनातल्या मनात पहिल्यापासून उलटली, आणि त्या शब्दापुढे कंसात आणखी तीन शब्द लिहिले. खाडाखोडीशेजारी छोटी सही, खाली मोठी सही, शिक्का. दुसऱ्या प्रतीवरही तेच सगळं.

खिडकीतला कारकून चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला, "बाई, खाडाखोड आहे."

"खाडाखोडीवर सही आहे."

"तज्ज्ञ तुम्हीच का?"

"मीच."

कारकुनाने कपाटातून अहवालाची प्रत काढली, शेवटचं पान उघडलं आणि शुद्धिपत्र त्याच्या शेजारी ठेवलं. एकदा इकडे, एकदा तिकडे, असं बराच वेळ बघितलं. तिची सही आजवर अशी कोणी बघितली नव्हती. "जुळते," तो म्हणाला. दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि एक प्रत तिच्या हातात दिली. चारला वीस मिनिटं कमी होती.

जिन्यातच तिनं साहेबांना फोन लावला. आता लपवाछपवी करायची तिची इच्छा नव्हती, आणि उद्या दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा हे बरं. पाठीमागे यंत्राची घरघर ऐकू येत होती. साहेब जागेवरच होते, ओढ्याच्या काठावर.

"दिलं?" त्यांनी विचारलं.

"दिलं. पोच घेतली."

"शाबास. काही विचारलं का?"

"सही जुळते का बघितलं. जुळली." तिनं श्वास घेतला. "सर, मी पान आणि ओळ खोडली. 'सर्वत्र' असं लिहिलंय. अहवालात सर्वत्र नाल्याऐवजी ओढा असं वाचावं."

पलीकडची घरघर तशीच चालू होती.  मग साहेब म्हणाले, "तुला कळतंय का तू काय केलंस? उद्यापासून यायची गरज नाही तुला. आणि नोंदणी कशी राहते तेही बघतो मी."

"हो," ती म्हणाली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. "फक्त एक, सर. बारावं पान वगळलंय. तिथं खरंच नाला आहे."